लाडकीने दिलेली ओळख

तलासरी,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

प्रिय दक्षा,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत विचारत नाही. तू माझा फोन उचलत नसलीस तरी तुमच्या वाडीतून चिकू नेणारा टेम्पोवाला जाता-येता माझ्याकडे पाणी प्यायला थांबतो, त्याच्याकडून सगळं कळतं. गुडघा सुजलाय आणि तू तरीही गच्चीवर चढतेस. डॉक्टरांनी दिलेला पट्टा लाव. कपाटात ठेवलेल्या पट्ट्याने गुडघा बरा होत नाही.

इकडे थंडी पडू लागली आहे. परवा सकाळी पुन्हा भूकंपाचा हादरा बसला, मांडणीवरचे पेले वाजले. शेजारची पोरं आता बाहेरही पळत नाहीत, झोपूनच राहतात. मी ओरडून बाहेर काढली. वाढवण बंदराविरुद्धच्या मोर्च्याला जाणाऱ्या गाड्यांनी हायवे दुपारभर अडला होता, त्यामुळे बँकेचं काम राहिलं. हे सगळं तुला सांगण्यात अर्थ नाही, पण एकदम मुद्द्यावर आले तर तू पत्र खाली ठेवशील.

ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

येत्या बुधवारी तुझी साक्ष आहे. सरकारी वकील तुला विचारतील, तुमच्या यजमानांना, नविनभाईंना मारणाऱ्या दोघांपैकी कोणी इथे आहे का? तू बोट दाखवशील आणि संदीपची जन्मठेप पक्की होईल. दुसरा पुरावा त्यांच्याकडे राहिलेलाच नाही. संदीपने भंगारवाल्याला विकलेली तांब्याची तार तुमच्या पंपातून चोरलेली नव्हती, संदीपच्या पाड्यावरच्या जळालेल्या मोटरची होती, हे आता कोर्टात सिद्ध झालं आहे. उरली तुमच्या वाडीतली लाडकी, आणि उरलीस तू.

संदीप माझा विद्यार्थी नाही. मला त्याचा पुळका आला आहे असं समजू नकोस. एकदा तुरुंगात आणि दोनदा कोर्टात पाहिला, तिन्ही वेळा मला उर्मट वाटला. माझ्या शाळेत असता तर मी त्याला आठवड्यातून एकदा तरी वर्गाबाहेर उभा केला असता. आणि नविनभाई माझे कोण होते हे तुला सांगायला नको. मला 'हेडबाई' म्हणून चिडवण्याची हिंमत असलेला या तालुक्यातला तो एकच माणूस होता. त्यांना मारणारा सापडावा असं मलाही वाटतं. सापडलेला नाही, एवढंच मी म्हणते आहे.

ओळख परेडचं तुला मी नीट कधी सांगितलं नाही. नविनभाईंच्या वर्षश्राद्धाला, वरसीच्या दिवशी, सांगायला लागले तेव्हा तू उठून आत गेलीस. म्हणून आता सांगते.

तू तेव्हा भावाकडे वलसाडला होतीस. परेडला दोन पंच लागतात. साक्षीदार बाई, म्हणून त्यांना एक बाई पंच हवी होती, आणि तिचं बोलणं समजणारी हवी होती. मी नायब तहसीलदारांना स्पष्ट सांगितलं की मयताची पत्नी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आहे. ते म्हणाले, "बाई, डहाणूत कोण कोणाला ओळखत नाही? असं बघायला गेलो तर पंच गुजरातेतून आणावे लागतील." माणूस वाईट नव्हता. काम नियमाने केलं. संदीपला हवी ती जागा निवडू दिली, शर्ट बदलू दिला. त्याच्या भुवईवर जुना व्रण आहे, तो वेगळा दिसू नये म्हणून रांगेतल्या सगळ्यांच्या भुवईवर चिकटपट्टी लावली. सगळे एका वयाचे, एका अंगकाठीचे, आणि सगळ्यांना एकाच जागी लागलेलं. मला हसू आलं होतं.

बाकीचे सगळे शहरातले कैदी होते. सायवनकडच्या पाड्यांवरचा एकटा संदीप.

लाडकीला आत आणलं. तुमच्या वाडीत इतकी वर्षं काम केलेली लाडकी, तू पाहिली आहेस, पण त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. मला वाटलं, पोलीस आणि तुरुंग म्हणून घाबरून नीटनेटकी आली असेल. नायब तहसीलदारांनी विचारलं, "यातल्या कोणाला ओळखतेस का? ओळखत असशील तर त्याच्या खांद्याला हात लाव." ती थेट संदीपकडे गेली. हात नुसता लावला नाही, ठेवला. खांद्यावरून खाली फिरवला. काहीतरी बोलायला लागली तसं शिपायाने तिला मागे घेतलं, साक्षीदाराने बोलायचं नसतं. कागदावर आलं: साक्षीदाराने आरोपीस कोणताही संकोच न करता ओळखले. ते खरंच होतं. मी वाचलं आणि सही केली.

पुढे चैत्रात विवळवेढ्याच्या देवीच्या जत्रेत मला लाडकी भेटली. देवीला नारळ फोडून गडावरून उतरत होती. मला पाहून रस्त्यात उभी राहिली आणि तिनेच मला जाब विचारला.

"बाई, संद्या अजून कसा नाय सुटला? मी त दिली व्हती त्याची वळख."

दक्षा, मी आयुष्यभर मराठी शिकवलं. मला कळायला दोन वाक्यं जास्त लागली.

तुझ्या-माझ्यासाठी ओळख परेड म्हणजे गुन्हेगार दाखवणं. लाडकीला ओळख देणं माहीत आहे ते बँकेतलं. पाड्यावरच्या बायकांची खाती उघडताना, रेशनच्या कामात, दाखल्याच्या कामात, साहेब विचारतो, या बाईला ओळखणारं कोणी आहे का? नविनभाईंच्या वाडीतली म्हणून लाडकीला तिथे सगळे ओळखतात. मग ती पुढे होते, अंगठा देते, आणि त्या बाईचं काम होतं. किती जणींची तिने अशी ओळख दिली असेल. तिचा तो मान आहे. पोलीस घरी आले आणि म्हणाले, तुला ओळख द्यायला यायचंय. ती नवं लुगडं नेसली. आत गेली तर सगळी परकी पोरं, भुवईवर पट्ट्या लावलेली, आणि त्यात तिच्या माहेरच्या पाड्यावरच्या जमनाचा मुलगा, संदीप. "त्याला मारलेलं व्हतं बाई," ती मला म्हणाली. "त्या सगळ्यांना मारलेलं. मी म्हटलं, माझ्या वळखीचा एक त सुटूं दे."

मी तिला विचारलं, त्या संध्याकाळी पंपाच्या खोलीतून पळालेले दोघे कोण होते? ती म्हणाली, माहीत नाही, अंधार पडत आला होता, परके होते. संदीप होता का? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

मी तिथून घरी आले नाही, थेट पोलिसांकडे गेले. साहेब म्हणाले, कागद पुढे गेले, आता जे काय ते कोर्टात. नायब तहसीलदारांची बदली झाली होती. मग कोर्टाची वाट पाहिली. गेल्या महिन्यात लाडकीची साक्ष झाली, तू नव्हतीस, म्हणून ऐक.

सरकारी वकिलांनी विचारलं, ओळखलंस? म्हणाली, वळखला. हात लावलास? म्हणाली, लावला. ते खाली बसले. मग संदीपला सरकारने दिलेला वकील उठला. त्याने एकच बरा प्रश्न विचारला: वाडीतून पळालेल्या दोघांत हा होता का?

"नाय. तो कसा असंल? त्याला त मी वळखतं."

सगळं कोर्ट हसलं. शिपाई हसला, टायपिंग करणारी मुलगी हसली. न्यायाधीशही गालात हसले असावेत. मी हसले नाही, कारण इतकी सरळ साक्ष मी आयुष्यात ऐकली नव्हती. संदीप असता तर तिने त्याच संध्याकाळी त्याच्या नावाने हाक मारली असती, त्याच्या आईच्या नावाने शिव्या दिल्या असत्या. सरकारी वकील पुन्हा उठले आणि म्हणाले, साक्षीदार आरोपीच्याच पाड्यावरची आहे, फितूर झाली आहे. लाडकीला फितूर शब्द माहीत नव्हता. बाहेर येऊन तिने मला अर्थ विचारला. मी सांगितला नाही.

त्यानंतर माझी साक्ष. सही तुमचीच? हो. परेड नियमाने झाली? हो. मी म्हटलं, पण तिला प्रश्न जो कळला तो... तर सरकारी वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. किती मुलांना हे वाक्य मी ऐकवलं असेल. संदीपच्या वकिलाने मला काहीच विचारलं नाही. नंतर म्हणाला, लक्षात नाही आलं मॅडम.

आता तुझ्याकडे येते.

ज्या दिवशी नविनभाई गेले त्या संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा तू बाकावर बसली होतीस. तुझ्या साडीला रक्त होतं आणि तू ते पदराने झाकत होतीस. घाबरलीस की तू मराठी सोडतेस, कॉलेजातही सोडायचीस. तू मला म्हणालीस, "पुष्पा, मने एमनी पीठ ज देखाई." मला त्या पळणाऱ्यांची पाठच दिसली. चेहरा दिसला नाही. तू ते पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, तुझीच चूक असल्यासारखं. ओट्यावरून हाक मारली असती तर वळले असते, म्हणालीस, चेहरा दिसला असता. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, बरं झालं वळले नाहीत.

वरसीला मी तुला बाकी सगळं सांगायला आले होते, हे सांगायला आले नव्हते. मला वाटलं, तुला आठवत असेलच.

पोलिसांनी तुझा जबाब मराठीत लिहिला. त्यात आलं, दोन इसम पाहिले, पुन्हा पाहिल्यास ओळखीन. हे वाक्य ते प्रत्येक जबाबात घालतात, त्याच्याशिवाय त्यांचा जबाब संपत नाही. पाठ पाहिली तरी इसम पाहिलाच की. मग लाडकीने हात लावल्याचं तुला कोणीतरी कळवलं, पेपरात त्याचा फोटो आला, आणि तू दुसरा जबाब दिलास की तोच होता. वरसीला तू मला म्हणालीस, त्याचे डोळे माझ्यासमोरून हलत नाहीत. डोळे, दक्षा. पाठीला डोळे कुठून आले? तू ज्याच्याकडे पाहून हे बोललीस तो पेपरातला फोटो आहे, आणि तो फोटो पेपरात आला लाडकीच्या हातामुळे, आणि लाडकीचा हात तिथे गेला तो त्याला सोडवायला.

रागावू नकोस, पण तुझी खात्री मला माहीत आहे. विवळवेढ्याच्या याच जत्रेत, पाळण्याच्या रांगेत, तू एका बाईच्या गळ्यात पडली होतीस, तुझी मावशी, हंसामासी म्हणून. ती बाई धुळ्याहून आली होती. ती "मी नव्हे हो" म्हणत होती आणि तू तिला सांगत होतीस की मासी, मजाक नको. नविनभाई तुला त्यावरून मरेपर्यंत चिडवत होते. तेव्हा नुकसान काही झालं नाही. एका बाईला फुकट मिठी मिळाली.

संदीपची आई, जमना, दर बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसते. बोलत नाही. तिची सून, संदीपची बायको, मुलाला घेऊन निघून गेली. गेल्या आठवड्यात मात्र बोलली. पाड्यावर त्यांनी याचा असा अर्थ लावला आहे: लाडकी मजूर बाई, तिची ओळख हलकी पडली. दक्षाबेन मालकीण आहेत, जमीनवाल्या आहेत, त्या आता ओळख द्यायला येणार आहेत, त्यांची सरकार ऐकेल. मी तिला तीनदा समजावलं की तसं नसतं. तिने मान हलवली. पटलं नाही हे मला दिसलं. इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतर ते मला लगेच दिसतं.

संदीपच्या वकिलाला मी दवाखान्यातलं तुझं वाक्य सांगितलं आहे. तो तुला ते विचारेल, निदान विचारतो असं म्हणाला आहे. तुला कोर्टात अचानक कळू नये म्हणून हे आधीच लिहिते. साक्षीदाराला असं पत्र लिहिणं बरोबर नाही, हे मला ठाऊक आहे. पोलिसांना दाखवायचं असेल तर दाखव. खाली पूर्ण नाव घालते आहे, म्हणजे शोधायचा त्रास नको.

फार आशा ठेवून लिहीत नाहीये. तू कधी शब्द मागे घेतलास असं मला आठवत नाही, आणि एवढं झाल्यावर कोण कशाला घेईल? पण मला तुला एवढंच सांगायचं होतं की "मला चेहरा दिसला नाही" असं म्हटल्याने नविनभाई पुन्हा मरत नाहीत.

बुधवारी मी तिथे असेन. मला ओळख दाखवू नकोस, समोरून निघून जा, मी वाईट वाटून घेणार नाही. माझ्याऐवजी त्याला ओळखू नकोस, एवढंच.

तुझी,
पुष्पा (पुष्पा वामन सावे)


तलासरी,
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

दक्षा,

पत्र मिळालं होतं, हे तुझ्या चालण्यावरून कळलं. गुडघ्याला पट्टा होता.

तू पाहू नयेस म्हणून मी मागच्या बाकावर बसले होते. तू पाहिलंस. सगळ्यांसमोर माझ्याकडे आलीस, माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "पुष्पा, केटली सुकाई गई छे तू." मी किती वाळले, म्हणे. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला. क्षणभर मला वाटलं, आता सगळं सरळ होणार. या वयात मला असं वाटायला नको होतं.

मग तू वर जाऊन उभी राहिलीस आणि त्यालाही ओळखलंस.

वकिलाने खरंच विचारलं, त्याचं श्रेय त्याला देते. दवाखान्यात तुम्ही मैत्रिणीला म्हणालात का, की पाठच दिसली? तू माझ्याकडे पाहिलंस. "म्हणाले असेन," म्हणालीस, "तेव्हा मी शुद्धीत नव्हते. आता नीट आठवतं. तो वळला होता." आणि तो कसा वळला ते मानेने करून दाखवलंस. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. तुझा आवाज एकदाही हलला नाही.

तू खोटं बोलत नव्हतीस. मी समोर बसून पाहत होते, तुला खोटं बोलताना मी कॉलेजात पाहिलं आहे, तेव्हा तुझे कान लाल होतात. बुधवारी झाले नाहीत. तू खोटं बोलली असतीस तर मी तुझ्यावर रागावले असते, भांडले असते, आणि वर्षा-दोन वर्षांत आपण बोलायला लागलो असतो. आता कशावर रागावू? तुला तो दिसतो. आता तो तुला मरेपर्यंत दिसत राहील, आणि तो कधी तिथे नव्हताच.

निकाल पुढच्या महिन्यात. वकील म्हणाला, वर अपील करता येतं मॅडम. म्हणताना तो पिशवी आवरत होता.

तू मागच्या दाराने गाडीत बसलीस, म्हणून तुला माहीत नाही. पुढच्या पायऱ्यांवर जमना होती. तिला आत सोडलं नव्हतं. संदीपसाठी भाकर बांधून आणली होती, ती कोणी आत नेऊ देत नव्हतं. मला पाहून उठली.

"बेननं दिली का वळख?"

मी हो म्हटलं. दिली.

"मंग आता सोडतील," ती म्हणाली, आणि फडक्याची गाठ सोडून मला भाकर देऊ लागली. घरी गेल्यावर तो ताजी खाईल, ही तुम्ही खा. मी घेतली. तिथेच पायरीवर बसून तिच्यासमोर खाल्ली.

तू आता फोन उचलशील, हे मला माहीत आहे. मी करणार नाही.

पट्टा काढू नकोस.

तुला ओळखणारी,
पुष्पा